मसाला कुणाच्या हातचा

माय,

यंदाही मसाला कुटला. दसरा सरला की हात आपोआप तिकडे वळतात, मन वळो की न वळो. उखळ आता नाही, पितळेचा खलबत्ता आहे. मिक्सरही आहे, पण मिक्सरमध्ये मसाला तापतो नि वेलचीचा वास उडून जातो, म्हणून बसते आपली खलबत्ता घेऊन. उजवा खांदा दुखतो. चार घाव घालते, थांबते, चहा पिते, पुन्हा बसते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "इतकुशा मसाल्याले दोन दिवस कायले लागते वो तुले?" लागतात, बापा. साठी कधीच उलटली माझी. तुझे जावई गेल्या पौषात गेले, तेव्हापासून सगळ्याच गोष्टींना जास्त वेळ लागतो. कंटाळा येतो. सण आला की लोकांना हुरूप येतो, मला आधी थकवाच येतो. त्यात मसाल्यावरून घरात एक गोष्ट घडली, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगता येत नाही, म्हणून कागद घेतला. कागदावर हात टेकला की शाळेतली भाषा निघते, तुझ्याशी बोलायची निघत नाही. तेवढं चालवून घे.

आपल्या अड्याळातली ती भट्टी मला अजून जशीच्या तशी दिसते. पहाटेचे पाव नि टोस निघून गेले तरी भट्टी तापलेलीच राहायची, आणि कोजागिरी झाली की बेकरीवाले चाचा दुपारची भट्टी घरोघरच्या नानकटाईसाठी मोकळी ठेवायचे. बाया घरून पीठ मळून आणत, गंजात, वर ओलं फडकं टाकून. तिथंच बसून गोळे वळायचे, पत्र्यावर मांडायचे, पत्रा चाचांच्या हवाली करायचा. भाजून निघाल्यावर सगळ्यांच्या नानकटाया सारख्याच दिसतात, म्हणून जिची तिची खूण. समोरच्या घरची काकू प्रत्येकीवर एक चारोळी दाबायची, कोणी शर्टाच्या बटणाचा ठसा उठवायची, आणि तू बांगडीच्या काठानं एक वाकडी रेघ ओढायचीस. रेघ कधी सरळ यायची नाही. मी म्हणायचे, "नीट काढ ना," तर तू म्हणायचीस, "वाकडी हाये म्हून तर ओळखू येते."

पण खूण बाहेरची. आतला मसाला मात्र सगळ्यांचा एकच, तुझ्या हातचा. आळीतल्या पाच-सहा घरच्या बाया आपापली वेलची, सुंठ, बडीशेप, जमलं तर चार लवंगा पुडीत बांधून आपल्याकडे आणून द्यायच्या. तू ते सगळं एकत्र करायचीस. तवा चांगला तापवून चुलीवरून खाली उतरवायचा, आणि मग त्याच्या उरल्या उबेवर मसाला परतायचा, जाळावर कधी नाही. कुटताना थोडी साखर टाकायची म्हणजे वेलचीची सालंसुद्धा बारीक होतात. जायफळ भाजायचं नाही, ते सगळ्यात शेवटी किसून. आणि एक गोष्ट तू आपल्या पदरची घालायचीस, संत्र्याची साल. नागपूरकडची संत्री बाजारात यायची तेव्हा सालं सावलीत वाळवून ठेवायचीस, आणि पावसाळाभर तो डबा चुलीच्या वर शिंक्यात टांगलेला असायचा, ओल लागू नये म्हणून. त्यामुळे सालींना थोडा धुराचा वास लागायचा. तोच तर मसाल्याचा जीव होता. वाटे करताना जिच्या पुडीत वेलची कमी आली तिलाही तेवढाच वाटा. बाया वाटा घेऊन तिथंच पुडी नाकाला लावायच्या नि म्हणायच्या, "आता आली बाई दिवाळी." तू तेव्हा कशी बसायचीस, पदरानं घाम पुसत, मान जरा वर करून! तशी तू एरवी कधी बसायची नाहीस.

मग बाबा गेले. धान गिरणीतून ताप घेऊन घरी आले आणि त्या तापातून उठलेच नाहीत. भादवा होता, अंगणात चिखल होता, माणसं चिखलातच उभी होती. मी तेव्हा शाळेत, समजण्याइतकी मोठी आणि काही करता येऊ नये इतकी लहान. दसरा आला. त्या वर्षी आपल्या घरी कढई चढणार नाही हे मला ठाऊक होतं, ते तर सगळ्यांकडेच पाळतात. शेजारपाजारचे फराळाचं देतात, आपण खातो, तसंच निभावून न्यायचं. पण मसाला काही आपल्या घरासाठी नव्हता. म्हणून कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तू उखळ धुतलंस, शिंक्यातला डबा काढलास, सालं निवडलीस आणि दार सताड उघडं ठेवून बसलीस. मी शाळेतून आले तरी तू बसलेलीच. "कोणी आलं नाही का?" मी विचारलं. "हलक्या धानाची कापणी चालू हाये ना," तू म्हणालीस, "बायांले फुरसत कुठी हाये." दुसऱ्या दिवशीही फुरसत नव्हती. तिसऱ्या दिवशी समोरची काकू हातात पुडी घेऊन आपल्या दारावरून गेली, नाकासमोर बघत. मी हाक मारायला तोंड उघडलं तर तू माझा हात धरलास.

मला कळेना. तुझ्याशी कोणाचं भांडण नव्हतं. विहिरीवर मीच काकूला गाठलं, काय झालं म्हणून. काकू वाईट नव्हती. बाबा गेले तेव्हा आपल्या घरी दोन वेळचा डबा तिनंच पोचवला होता. तिनं घागर खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुह्या मायचा हात आता तसा नाही राहिला वो पोरी. कपाळ पुसलं ना तिचं. देवाच्या सणाले नाही चालत. तुले समजन मोठी झाल्यावर." मी घरी येऊन तुला काही सांगितलं नाही. तुला सांगायची गरजच नव्हती. तू सालं परत डब्यात भरून डबा शिंक्यात टांगलास आणि उखळ भिंतीकडे लोटून ठेवलंस.

त्या वर्षीच्या भट्टीचा प्रकार मात्र आठवला की आजही हसू येतं. काकूनं वाण्याकडे जाऊन मसाला मागितला, तर वाण्यानं बांधून दिला खडा मसाला. तिनं त्यातली ती काळी दगडफुलं, मिरे, तेजपान सगळं इमानदारीनं कुटलं आणि पिठात मिसळलं. गोड पिठाच्या वासात तिला ते कळलंही नसावं. मी पाव आणायला गेले होते तेव्हा पत्रे भट्टीतच होते. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, मग एक बाई नाक वर करून हुंगायला लागली, मग दुसरी. चाचा ओरडले, "अरे, मेरी भट्टी में मुर्गी किसने डाली?" आतल्या सगळ्याच पत्र्यांना वास लागला. आळीतल्या निम्म्या घरांत त्या दिवाळीला मटणाच्या रश्शाचा वास मारणाऱ्या नानकटाया होत्या, आणि त्यात काकूचे सासरे कडक माळकरी. मी धावत घरी आले नि तुला सांगितलं. तू पहिल्यांदा नुसती बघत राहिलीस, आणि मग जी हसायला लागलीस! बाबा गेल्यापासूनचं पहिलंच हसू ते. "दगडफूल टाकलं? नानकटाईत? अवो माय माय!" हसता हसता तुझा पदर डोळ्यांना लागला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

पुढच्या वर्षी काकू आली. दारातच उभी राहिली, उंबरा ओलांडला नाही. तू आत चुलीपाशी, हाताच्या अंतरावर, तरी ती माझ्याशीच बोलली. "पोरी, यंदा मसाला तू करजो. तुह्या हातचा चालते, तू कुवारीन हायेस. सगळ्या बाया म्हणून राहिल्या. तू करजो आणि तूच देजो." मला मसाला करता येतो की नाही हे तिनं विचारलंच नाही. करणार कोण हे तिलाही ठाऊक होतं, मलाही, भिंतीआड बसलेल्या तुलाही. मला वाटलं, आता तू उठशील आणि तिला चार शब्द सुनावशील. तू आतून मला म्हणालीस, "घेऊन ठेव पुड्या."

तेव्हापासून तसंच चाललं. तू आतल्या खोलीत भाजायचीस, कुटायचीस, वाटे करायचीस आणि मी दारात उभी राहून द्यायचे. बाया पुडी नाकाला लावायच्या नि म्हणायच्या, "काय हात हाये वो पोट्टीचा!" मला पहिल्या वर्षी मजा वाटली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी लाज वाटायला लागली. एकदा एक बाई दारात म्हणाली, "आमच्या पोरीले शिकव ना बाई, जायफळ कवा टाकाचं ते." मी अडखळले. तर आतून तुझा आवाज आला, "सगळ्यात आखरीले. भाजाचं नाही म्हणावं." ती बाई माझ्याकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "हो का? भाजाचं नाही?" जणू मीच बोलले होते. मी मान हलवली.

आणि मग ती थप्पड. आळीत एक नवीन बाई राहायला आली होती, कोंढ्याकडची, पुडी घेताना सहज म्हणाली, "कोणी शिकवलं गं तुला?" माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "मी नाही करत. माझी आईच करते सगळं." तिचा हात पुडीवरून मागे आला. "राहू दे मग," म्हणाली, "उद्या येते." उद्या कसली येते! तू आत सगळं ऐकलं होतंस. दार लावून मी वळले तोच गालावर बसली. तू मला कधी मारायची नाहीस. "काहून सांगतलंस?" "खरं हाये म्हून." "खऱ्यानं काय झालं? पुडी राहिली ना इथीच!" मीही चिडले होते. म्हटलं, "तुले नाव नको का तुह्या मसाल्याले? सारं गाव माह्यं नाव घेते." तू खाली बसलीस, ती तशीच राहिलेली पुडी उघडून पुन्हा नीट बांधायला लागलीस आणि म्हणालीस, "नाव काय पिठात टाकाचं हाये का? दुपारी भट्टी लागली का इथपर्यंत वास येते मले. तेवढं राहू दे. तेवढं नको घालवू माह्यं." तेव्हा मला कळलं, त्या दिवसांत तू दुपारी परसात जाऊन उगाच उभी का राहायचीस.

मला ते पटलं नाही. राग तसाच राहिला, बायांवर आणि तुझ्यावरही. मी तेव्हाच मनाशी ठरवलं की आपल्यावर अशी वेळ आली तर आपण आत बसायचं नाही. दारात जायचं, पुडी हातात धरायची, घ्यायची तर घे म्हणायचं. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. लग्न होऊन भंडाऱ्याला आले तेव्हा मसाला माझ्याबरोबर आला, सालींचा एक डबा तू सामानात घातला होतास. सासरी, शेजारी, पुढे कॉलनीत, मी कुटत गेले आणि ज्याला त्याला सांगत गेले, हा माझ्या आईचा मसाला. न विचारता सांगायचे. तू एका दिवाळीला आली होतीस, आठवतं? माझ्या सासूबाईंनी चार बाया बसवल्या होत्या. मी मुद्दाम तुला पुढे आणलं आणि म्हटलं, "हीच ती, जिच्या हातचा हा मसाला." तू पदर ओढलास, भिंतीशी सरकलीस आणि म्हणालीस, "नाही जी, पोरीचाच हात हाये." मला इतका राग आला तुझा! स्वयंपाकघरात येऊन मी भांडी आपटली. तू ती एकेक करून पुन्हा फळीवर लावलीस. त्यानंतर फार वर्षं राहिली नाहीस. मी मात्र सांगत राहिले. तुझं नाव लागलं पाहिजे हा माझा हट्टच होता, आणि त्या हट्टापायी दर आश्विनात खांदा मोडून घेत राहिले.

आता घरातली गोष्ट. यंदा आपल्याकडे फराळ नाही, ओव्हनही बंद. पण कॉलनीतल्या बायकांना मसाला लागतो, त्या आता केकात घालतात, बिस्किटांत घालतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाई चहा घेऊन माझ्याजवळ बसली. गुणी आहे पोरगी, सासऱ्यांच्या दुखण्यात रात्रंदिवस राबली. जरा वेळ कपाशी खेळली आणि म्हणाली, "आई, यंदा तुम्ही फक्त कुटून द्या, वाटायचं मी बघते. मीच केला म्हणेन. कोणी काही मानत नाही म्हणा आजकाल, पण उगाच कोणी काही बोललं तर तुम्हाला त्रास नको." जन्मभर घोकलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "बरं."

बरं म्हटलं, माय. आणि खरं सांगायचं तर हलकं वाटलं. दारात उभं राहायचं, हसायचं, या बसा म्हणायचं, "कशा आहात आता?" याला उत्तर द्यायचं, ते सगळं टळलं. भांडायला अंगात जोर लागतो. तो आता नाही. तू उठली नाहीस म्हणून मी किती वर्षं तुझ्यावर चिडून होते, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत. तूही अशीच थकली होतीस का, की तुझं काही वेगळं होतं? विचारायला हवं होतं, तेव्हा विचारलं नाही.

परवा दुपारी बेल वाजली. मी आत खांदा शेकत बसले होते. समोरच्या घरची बाई आली होती. पुडीचा कागद वाजला आणि ती म्हणाली, "अगंबाई, काय वास आहे! तू केलास?" सूनबाई जरा थांबली. मग म्हणाली, "हो काकू." ती बाई म्हणाली, "हाताला गुण आहे हो तुझ्या." दोघी हसल्या, दार लागलं. ठरलं होतं तसंच झालं, पोरीचं काही चुकलं नाही. ती आत आली, मला विचारलं, आणखी गरम पाणी देऊ का. मी नको म्हटलं.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मला तुझी आठवण येईल, रडू येईल. ते काहीच झालं नाही. अंगाची नुसती आग झाली. उठावं, जिना उतरून त्या बाईच्या मागे जावं आणि तिच्या हातातली पुडी ओढून घ्यावी असं वाटलं. समोर असतीस तर हे मी बोलले नसते. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. जन्मभर लोकांना सांगत आले, माझ्या आईचा मसाला, माझ्या आईचा मसाला. परवा आत बसून ऐकताना मनात एवढंच आलं की तो माझा आहे. तुझं नाव आलंच नाही, माय.